दुसरा ठसा: मुद्राचित्र, रंगकाम आणि चिकटकाम एकत्र आणण्याची पद्धत

गुळगुळीत प्लेटवर शाईने चित्र काढायचे आणि ते दाबून कागदावर उतरवायचे, या छपाईला मोनोटाइप म्हणतात. मोनोटाइपचा पहिला ठसा कागदावर उतरला, तरी प्लेटवर शाईचा एक पातळ थर शिल्लक राहतो. बहुतेक जण तो चिंधीने पुसून टाकतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. मिश्रमाध्यमात काम करू इच्छिणाऱ्याने मात्र तेथे घाई करू नये, कारण त्या उरलेल्या शाईतून निघणारा फिकट दुसरा ठसा हा रंगकामासाठी मिळू शकणारा सर्वांत चांगला पाया असतो, असे माझे ठाम मत आहे. पहिला ठसा गडद आणि पूर्ण असतो. त्यावर चढवलेला रंग बहुधा उपरा दिसतो. दुसऱ्या ठशात आकार आणि छायाप्रकाशाची मांडणी तर असतेच, शिवाय ब्रशला करण्यासारखे बरेच काही बाकीही असते.

ही वाट जुनी आहे. फ्रेंच चित्रकार एदगार देगा यांनी १८७०च्या दशकाच्या मध्यास ल्युदोविक लपिक या मित्राच्या साहाय्याने मोनोटाइपला सुरुवात केली आणि पुढे तीनशेहून अधिक मोनोटाइप काढले. एकाच प्लेटवरून ते अनेकदा लागोपाठ दोन ठसे घेत आणि दुसऱ्या, फिकट ठशावर पेस्टलने काम करून त्याचे स्वतंत्र चित्र करीत. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील ‘लेत्वाल’ हे नर्तकीचे प्रसिद्ध चित्र मोनोटाइपवर पेस्टलने केलेले आहे. त्यापूर्वी, १७९५च्या सुमारास, इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक यांनी ‘न्यूटन’सारखी मोठी रंगीत मुद्राचित्रे अशाच रीतीने केली होती: पुठ्ठ्यासारख्या पृष्ठभागावर रंग लावायचा, त्याचे मोजके ठसे घ्यायचे आणि प्रत्येक ठसा लेखणी व जलरंगाने वेगळा पूर्ण करायचा. आपल्याकडे मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेल्या रवि वर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचल्यावर त्यांवर जरी, टिकल्या आणि कापड लावून ती सजवण्याची रीत पडली. छापलेल्या चित्राला हाताने पुढे नेण्याचा तोही एक प्रकार होता, आणि मिश्रमाध्यमाच्या चर्चेत त्याची आठवण जितकी यायला हवी तितकी येत नाही.

पुढे दिलेली पद्धत कोलाग्राफ (पोत चिकटवलेल्या प्लेटवरची छपाई), मोनोटाइप, शीन-कोले (छापतानाच पातळ कागद चिकटवणे) आणि रंगकाम यांना एका क्रमात बांधते. घरच्या टेबलावर, प्रेसशिवाय म्हणजे दाबयंत्राशिवाय, तिचा मोठा भाग करता येतो. जेथे प्रेस खरोखरच लागते, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

साहित्य निवडताना

दोन प्रकारच्या प्लेट लागतील. मोनोटाइपसाठी २ किंवा ३ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक शीट घ्यावी आणि तिच्या चारही कडा कानशीने तिरप्या घासून घ्याव्यात, कारण धारदार कड ओला कागद कापते. कोलाग्राफसाठी फोटो मढवताना वापरतात तो माउंट बोर्ड पुरेसा आहे. दोन्ही प्लेट तंतोतंत एकाच मापाच्या कापाव्यात. दोन प्लेटचे ठसे एकमेकांवर बसवायचे असल्यामुळे मापातला थोडासा फरकही पुढे प्रत्येक चित्रात दिसत राहतो.

शाईची निवड करताना पुढे कोणता रंग वापरणार आहोत याचा विचार आधी करावा. तेलाची एचिंग शाई किंवा ऑफसेटची शाई प्लेटवर बराच वेळ ओली राहते, बारकावे उत्तम उतरवते आणि वाळल्यावर पाण्याने हलत नाही. म्हणून मिश्रमाध्यमासाठी मी तिलाच पहिली पसंती देतो. ब्लॉक प्रिंटिंगसाठी मिळणारी साधी पाण्याची शाई स्वच्छतेला सोपी असते, पण आपल्या उन्हाळ्यात ती प्लेटवरच वाळू लागते, आणि तिच्यातल्या अनेक शाया ठसा वाळल्यानंतरही पाण्याने सुटतात, त्यामुळे त्यावर जलरंगाचा हात फिरवणे धोक्याचे ठरते. केवळ मोनोटाइप करायचे असल्यास ट्यूबमधले साधे तैलरंगही चालतात. ते टीपकागदावर तासभर काढून ठेवले की जास्तीचे तेल शोषले जाते आणि ठशाभोवती तेलाचे पिवळट वलय पडण्याची शक्यता कमी होते.

कागद सुती लगद्याचा असावा. २५० ते ३०० जीएसएम वजनाचा, फार खरखरीत नसलेला कागद ओलेपणा, दाब, खळ आणि नंतरचा रंग हे सारे सोसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा अन्य कोणताही हातकागद घेताना त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. थेंब क्षणात शोषला गेला, तर कागदात सायझिंग, म्हणजे पाणी रोखणारी खळ, कमी आहे. तो छपाईला छान, पण वर जलरंग लावल्यास रंग टीपकागदासारखा पसरेल. थेंब मिनिटभर तसाच राहिला, तर तो रंगकामाला योग्य आहे, मात्र छपाईपूर्वी त्याला अधिक वेळ भिजवावे लागेल.

याशिवाय रबरी रोलर, मागची बाजू गुळगुळीत असलेला लाकडी मोठा चमचा, बटर पेपर, जुने टूथब्रश, पुठ्ठ्याचे तुकडे, कापूसकाड्या, सुती चिंध्या, टीपकागद आणि हातमोजे जवळ असू द्यावेत.

कोलाग्राफची प्लेट बांधणे

पुठ्ठ्यावर निरनिराळे पोत चिकटवून केलेल्या प्लेटला कोलाग्राफ म्हणतात. अमेरिकेत सिॲटलला शिकवणाऱ्या ग्लेन आल्प्स यांनी १९५०च्या दशकात या पद्धतीला हे नाव दिले आणि तिचा प्रसार केला. तिचे तत्त्व अगदी साधे आहे: खरखरीत भाग शाई धरून ठेवतो आणि ठशात गडद उमटतो, तर गुळगुळीत भागावरून शाई पुसली जाते आणि तो उजळ उमटतो. चित्रकाराने रंगछटेच्या भाषेत विचार करण्याऐवजी पृष्ठभागाच्या भाषेत विचार करायचा असतो. सुताराचा पॉलिश पेपर जवळजवळ काळा उमटतो, मलमलीची विण मधला राखाडी देते, फेविकॉलचा ब्रशने दिलेला थर ब्रशच्या खुणांसह फिका उमटतो, आणि चकाकत्या चिकटपट्टीचा तुकडा कागद जवळपास कोरा ठेवतो.

प्रथम बोर्डावर पेन्सिलीने फक्त मोठ्या आकारांची मांडणी करावी. ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा येतो, म्हणून दिशा महत्त्वाची असलेले काही असेल तर ते ट्रेसिंग पेपर उलटा करून उतरवावे. मग कोणत्या भागात किती अंधार हवा हे ठरवून त्याप्रमाणे पोत निवडावेत. पोत आवडला म्हणून लावला असे झाले की प्लेट नमुन्यांच्या वहीसारखी दिसू लागते, आणि तो दोष पुढे रंगानेही झाकला जात नाही. एका प्लेटवर तीन किंवा चार पोत पुरेत. पिंपळाचे जाळीदार पान, सुतळीचे सुटे केलेले धागे, तुटक्या मच्छरदाणीची जाळी, चुरगळून चिकटवलेला पातळ कागद अशा वस्तू चांगल्या चालतात. वाळलेली जाड देठे आणि बिया टाळाव्यात, कारण त्या कागदाला भोक पाडतात. चिकटवलेल्या थरांची उंची हातछपाईसाठी १ मिलिमीटरच्या आत आणि प्रेससाठी साधारण २ मिलिमीटरच्या आत ठेवावी. बोर्डाचा वरचा पदर कटरने हलका कापून सोलून काढला, तर आतला खरखरीत थर उघडा पडतो आणि काहीही न चिकटवता गडद आकार मिळतो. कोलाग्राफमधली ही माझी सर्वांत आवडती युक्ती आहे, कारण तिच्यात कड स्वच्छ येते आणि उंची वाढत नाही.

चिकटकाम वजनाखाली रात्रभर वाळू द्यावे. त्यानंतरची पायरी टाळणाऱ्यांच्या प्लेट पहिल्याच ठशाला फुटतात: पुठ्ठा आणि फेविकॉल दोन्ही पाण्याला कच्चे असल्यामुळे ओला कागद दाबला की प्लेटचे पदर कागदाबरोबर निघून येतात. म्हणून पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा लाखेने बंद कराव्यात. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २०० ग्रॅम चपडी लाख या प्रमाणात, हवे तितकेच मिश्रण रात्रभर विरघळू द्यावे, किंवा हार्डवेअरच्या दुकानातले तयार लाखेचे पॉलिश घ्यावे. दोन पातळ हात द्यावेत आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. जाड हात दिल्यास पोताच्या खाचा भरून जातात आणि जे काळे उमटायला हवे ते राखाडी उमटते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे प्लेट पुसताना विसरू नये. अशा प्लेटवरची शाई खाद्यतेलाने सैल करून चिंधीने टिपून घ्यावी.

कागद भिजवणे

कोरड्या कागदावर तेलाची शाई वरवर बसते. ओलसर कागदाचे तंतू मऊ होऊन प्लेटच्या खाचांत शिरतात आणि तेथली शाई उचलून आणतात. भरपूर सायझिंग असलेला जाड कागद ट्रेमधल्या पाण्यात २० मिनिटांपर्यंत राहू द्यावा. कमी सायझिंगच्या हातकागदाला ओल्या स्पंजाचा हात पुरतो. त्यानंतर टीपकागदांमध्ये दाबून वरचे पाणी काढावे. कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरल्यावर पृष्ठभाग थंड, लवचीक पण बिनचमकीचा दिसला पाहिजे. पाण्याची चमक दिसत असेल तर शाई तेथे चिकटणार नाही. अधिक कागद लागणार असल्यास सारे ओले करून प्लास्टिकमध्ये एकावर एक गुंडाळून काही तास ठेवावेत, म्हणजे ओल सर्वत्र सारखी मुरते. पावसाळ्यात असा गठ्ठा दुसऱ्या दिवसाच्या पलीकडे ठेवू नये. बुरशी फार लवकर धरते.

शाई आणि पहिला ठसा

प्रेस नसेल तर शाई रोलरने वरच्या पृष्ठभागावर लावावी. काचेवर शाईचा पातळ, एकसारखा थर पसरून रोलर वेगवेगळ्या दिशांनी प्लेटवर फिरवावा. अशा ठशात उंच भाग गडद येतात आणि खाचा उजळ राहतात, म्हणजे वर सांगितलेल्या छटांचा हिशेब बऱ्याच अंशी उलटतो; प्लेट बांधण्यापूर्वीच आपण कोणत्या पद्धतीने छापणार हे ठरवावे ते यासाठी. प्रेस उपलब्ध असेल तर शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने आणि टूथब्रशने सर्व खाचांत भरावी, खळ असलेल्या जाळीदार कापडाच्या बोळ्याने गोल हात फिरवत जास्तीची पुसावी आणि शेवटी वर्तमानपत्राच्या सपाट तुकड्याने उंच भाग स्वच्छ करावेत. खाचांतली शाई चमच्याने पूर्णपणे उचलली जात नाही, हे मान्य करूनच घरची प्लेट बांधावी. कलामहाविद्यालयांच्या मुद्राचित्रण विभागांत, तसेच ललित कला अकादमीच्या दिल्लीतील गढी येथील आणि चेन्नई, कोलकाता, भुवनेश्वर येथील स्टुडिओंत एचिंग प्रेस असतात; तेथे प्रवेशाची सोय झाली तर आधी घरी प्लेट बांधून न्याव्यात आणि प्रेसवरचा वेळ केवळ छपाईला द्यावा.

ठसा घेण्यापूर्वी टेबलावर एक मोठा कागद चिकटपट्टीने पक्का करून त्यावर प्लेटची आणि छपाईच्या कागदाची अशा दोन्ही चौकटी पेन्सिलीने आखाव्यात. पुढे प्रत्येक वेळी प्लेट आतल्या चौकटीत आणि कागदाचे दोन कोपरे बाहेरच्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर ठेवले की जुळणी आपोआप साधते. प्लेटवर ओलसर कागद, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर चमच्याची पाठ, अशी रचना ठेवून मध्यापासून कडांकडे लहान गोल हात द्यावा. एका हाताने कागद घट्ट धरून दुसऱ्या बाजूने कोपरा उचलून पाहावा आणि जेथे ठसा फिका असेल तेथे पुन्हा घासावे.

प्रेस मिळालीच, तर एक ठसा शाईविना अवश्य घ्यावा. पांढऱ्या कागदावर नुसता उठाव किती बोलू शकतो हे त्यातून कळते. मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७०च्या दशकातल्या ‘जखमा’ या मालिकेत कागदाच्या लगद्यात पांढऱ्यावर पांढरे, केवळ चिरा आणि व्रण उमटवले, आणि त्यांत शाई नसण्याने त्या वेदनेला जी तीव्रता आली ती पाहिल्यावर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो.

दुसरा ठसा आणि मोनोटाइपची भर

पहिला ठसा उचलल्याबरोबर, पुन्हा शाई न लावता, दुसरा कागद त्याच जागी ठेवावा. हा कागद पहिल्यापेक्षा थोडा अधिक ओलसर असावा आणि दाब वाढवावा, कारण उरलेली शाई कमी आणि अधिक खोलवर असते. वेळ दवडू नये. पंख्याखाली काही मिनिटांतही पातळ थर वाळून चिकट होऊ लागतो. तैलरंग किंवा तेलाच्या शाईत लवंग तेलाचे एकदोन थेंब मिसळल्यास वाळणे लांबते आणि दोन ठशांमध्ये श्वास घ्यायला उसंत मिळते. प्रमाण मात्र थेंबातच ठेवावे, नाहीतर ठसा कित्येक आठवडे ओला राहतो.

आता ॲक्रिलिकची प्लेट घ्यावी. तिच्यावर मोनोटाइप दोन रीतींनी करता येते. एका रीतीत स्वच्छ प्लेटवर ब्रशने थेट चित्र रंगवतात. दुसरीत संपूर्ण प्लेटवर रोलरने शाईचा थर देऊन चिंधी, कापूसकाडी, ब्रशची मागची बाजू किंवा बोट यांनी शाई पुसून उजेडाचे भाग काढतात. दुसरी रीत नवशिक्याने आधी शिकावी असे मला वाटते, कारण तिच्यात रेषेऐवजी प्रकाशापासून सुरुवात करावी लागते आणि आकार ढोबळ, धीट राहतात. प्लेटखाली कोलाग्राफच्या पहिल्या ठशाची जागा दाखवणारे पारदर्शक कागदावरचे रेखाटन ठेवले, तर कुठे पुसायचे ते वरून दिसते.

कोलाग्राफचा फिकट दुसरा ठसा अजून ओलसर असतानाच, त्याच चौकटीत बसवून, त्यावर मोनोटाइपचा ठसा घ्यावा. दोन्ही शाया ओल्या असल्याने त्या एकमेकींत किंचित मिसळतात. तशी सरमिसळ नको असेल तर कोलाग्राफचा ठसा पूर्ण वाळू द्यावा, कागद मागच्या बाजूने स्पंजाने पुन्हा ओलसर करावा आणि मग दुसरी प्लेट छापावी. रंगांबाबत एक सूचना: कोलाग्राफ उबदार करड्या किंवा मातकट रंगात आणि मोनोटाइप एकाच थंड रंगात ठेवले, तर दोन थर वेगळे वाचता येतात. सुरुवातीपासून पाचसहा रंग वापरले की शेवटी काय कशामुळे घडले याचा पत्ता लागत नाही, आणि प्रयोगातून शिकणे तेथेच थांबते.

ठशाखालचा रंग

रंग छपाईच्या आधी कागदावर द्यायचा असेल तर कागद पुन्हा ओला करावा लागणार, ही मुख्य अडचण असते. जलरंगाचा पातळ हात दिलेला कागद ट्रेमध्ये बुडवला की रंग सुटतो. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे खूप पातळ केलेला ॲक्रिलिक रंग. तो वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही आणि तेलाची शाई त्यावर नीट बसते. हात मात्र पाण्यासारखा पातळच असावा, कारण ॲक्रिलिकचा जाड थर कागदाचे तंतू बंद करतो आणि शाई शोषली जात नाही. जलरंगच हवा असेल, तर रंगवलेला कागद वाळवून दोन ओलसर टीपकागदांमध्ये काही तास ठेवावा. बुडवू नये, पुसू नये. ओल हळूहळू शिरते आणि रंग जागच्या जागी राहतो.

पातळ कागदाचे चिकटकाम

शीन-कोले म्हणजे शाई उमटण्याच्या क्षणीच एखादा पातळ कागद जाड कागदावर चिकटवणे. ठसा पातळ कागदावर उमटतो आणि त्याच दाबाने तो कागद मागच्या कागदाला जोडला जातो, त्यामुळे चिकटवलेला तुकडा वरून डकवल्यासारखा दिसत नाही. रंगाचा सपाट, शांत भाग मिळवण्याचा इतका सुंदर मार्ग दुसरा क्वचितच असेल.

नेपाळी लोकता किंवा जपानी गांपी यांसारखा लांब तंतूंचा कागद उत्तम. पतंगाचा कागद मोहात पाडतो, पण त्याचा रंग ओल लागताच पसरतो आणि उजेडात झपाट्याने उडतो. वर्तमानपत्र काही वर्षांत पिवळे व ठिसूळ होते. जुनी पत्रे, पंचांगाची पाने, हिशेबाच्या वह्यांची पाने वापरायची असतील तर मूळ पान जपून ठेवावे आणि त्याची टिकाऊ कागदावर काढलेली प्रत वापरावी.

खळीसाठी एक भाग मैदा किंवा गव्हाचे सत्त्व पाच भाग थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे, मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि गार झाल्यावर मलमलीतून गाळावे. लवंग तेलाचा एखादा थेंब घातल्यास बुरशी दूर राहते. तयार खळ ब्रशला ओढ न देण्याइतकी पातळ करून घ्यावी.

पातळ कागद आधी ओलसर करून मगच आकारात कापावा, कारण ओलाव्याने तो पसरतो आणि कोरडा कापलेला तुकडा प्लेटच्या बाहेर जातो. शाई लावलेल्या प्लेटवर तो तुकडा ठेवावा, त्याच्या वर येणाऱ्या बाजूला खळीचा पातळ हात द्यावा, वरून जाड ओलसर कागद टाकावा आणि नेहमीसारखा ठसा घ्यावा. कडांतून खळ बाहेर आली तर ती जास्त होती असे समजावे. चमच्यानेही हे साधते, फक्त तुकडा तळहाताहून मोठा नसावा. दुसऱ्या ठशासाठी शीन-कोले करायचे असेल तर फिकट रंगाचाच कागद निवडावा. गडद कागदावर ती क्षीण शाई बुडून जाते.

ठशावरचा रंग

तेलाची शाई कोरड्या हवेत काही दिवसांत आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळाने वाळते. बोटाला डाग लागत नाही एवढ्यावर विसंबू नये. कोपऱ्यात टीपकागद दाबून पाहावा. वाळलेल्या तेलाच्या शाईवर जलरंगाचे थेंब जमतात आणि रंग एकसारखा बसत नाही. या गुणाचा उपयोग करून घ्यावा: मोकळ्या कागदावर जलरंग मनसोक्त वाहू द्यावा, शाईच्या रेषा त्याला आपोआप बांध घालतात. शाईवरच रंग हवा असेल तर पेस्टल, रंगीत पेन्सिल किंवा पातळ केलेला तैलरंग वापरावा. ॲक्रिलिक तेलाच्या थरावर धरत नाही, कालांतराने सुटते. तेल ॲक्रिलिकवर चालते, उलटे चालत नाही.

किती रंगवायचे हा प्रश्न तंत्रापेक्षा कठीण आहे. ठशाने जे आधीच सांगितले आहे ते ब्रशने पुन्हा गिरवू नये. पोताने दाखवलेल्या झाडाच्या खोडाभोवती रेषा काढली की पोत मरतो. देगांच्या पेस्टलमध्ये पाहावे: कित्येक ठिकाणी मोनोटाइपचा काळोख जसाच्या तसा ठेवलेला असतो आणि रंग केवळ रंगमंचावरच्या उजेडात येतो. म्हणून रंग लावण्यापूर्वी ठसा भिंतीवर टाचून दुरून पाहावा आणि कोणत्या एका जागेला रंगाची गरज आहे ते ठरवावे. त्या जागेपासून सुरुवात करावी. प्लेटच्या दाबाने कागदावर पडलेली चौकट रंगाने ओलांडायची की नाही, हेही तेव्हाच ठरवावे. ओलांडली तर चित्र रंगचित्राकडे झुकते, आत राहिले तर मुद्राचित्र म्हणून वाचले जाते. दोन्ही ग्राह्य आहेत, पण निम्मी कड ओलांडून निम्मी सोडलेली असेल तर ती चूक वाटते.

एकाच प्लेटवर दोन चिकटपणाच्या शाया

प्रेसवर काम करण्याची संधी असलेल्यांनी यापुढे जावे. पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या आतल्ये-१७ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी यांनी, मुंबईत जन्मलेल्या कैको मोती यांच्याबरोबर, शाईच्या चिकटपणावर आधारलेली बहुरंगी छपाईची पद्धत विकसित केली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले रेड्डी शिल्पकारही होते, आणि त्यांच्या प्लेट खरोखर उथळ शिल्पासारख्या कोरलेल्या असत. खाचांत एक रंग भरून पुसल्यावर कडक रोलरने जवसाचे तेल घालून सैल केलेली शाई सर्वांत उंच भागावर लावतात. मग मऊ रोलरने घट्ट शाई फिरवतात. मऊ रोलर खालच्या पातळीपर्यंत पोहोचतो, पण वरच्या तेलकट शाईवर घट्ट शाई चिकटत नाही. अशा रीतीने एकाच प्लेटवरून, एकाच दाबात, तीन रंग वेगवेगळ्या पातळ्यांवरून उतरतात.

कोलाग्राफच्या थरांना पातळ्या असतातच, म्हणून ही पद्धत त्यांच्यावर करून पाहण्यास फार अनुकूल आहे. घट्ट शाईला आणखी घट्ट करण्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळतात. दोन शायांतला फरक स्पष्ट हवा: सुरीवरून एक शाई धार धरून वाहिली पाहिजे आणि दुसरी लोंबकळून राहिली पाहिजे. फरक पुरेसा नसेल तर दोन्ही रंग एकत्र होऊन चिखल होतो, आणि मग प्लेट पुसून नव्याने सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो.

वाळवणे, स्वच्छता आणि नोंद

ठसे वाळताना कागद आक्रसतो आणि वाकतो. शाई स्पर्शाला कोरडी झाल्यावर ठसा मागून हलका ओलसर करून स्वच्छ टीपकागदांत, वर सपाट फळी आणि वजन ठेवून, टीपकागद रोज बदलत पूर्ण वाळू द्यावा. पेस्टल लावलेल्या चित्रांवर हा उपाय करता येत नाही. त्यामुळे सपाट करण्याचे काम पेस्टलच्या आधी उरकावे.

जवसाचे तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. स्पिरिट आणि टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद असावा.

प्रत्येक ठशाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने शाई, तिच्यात मिसळलेले तेल, कागद, कितवा ठसा आणि वरून लावलेले माध्यम यांची नोंद करावी. पुढच्या बाजूस चित्राखाली डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही ही रूढ पद्धत आहे. एकसारख्या प्रतींनाच ३/१० (दहांपैकी तिसरी प्रत) असा क्रमांक देता येतो; हाताने वेगवेगळे रंगवलेले किंवा शीन-कोले बदललेले ठसे १/१ असे लिहावेत, किंवा ते एका मालिकेतले बदलते ठसे असल्याचे सांगावे. प्रदर्शनाच्या पट्टीवर ‘मिश्रमाध्यम’ एवढाच शब्द न लिहिता ‘कोलाग्राफ, मोनोटाइप, शीन-कोले आणि पेस्टल, सुती कागदावर’ असे पूर्ण लिहावे. घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत ते कळते, आणि पुढे कधी चित्राची डागडुजी करावी लागली तर ते काम करणाऱ्याला कोणता थर पाण्याला कच्चा आहे हेही त्यावरून समजते. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाडी ठेवावी, कारण दमट हवेत काचेला टेकलेली शाई आणि पेस्टल तिलाच चिकटतात.